गावचे दुकान आणि मुंबईकर मंडळे

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

गणेशोत्सव आटोपून चाकरमानी परतले की परळ, लालबाग, भांडुप येथील शाळांच्या वर्गांत आणि चाळींच्या कार्यालयांत कोकणातील गावोगावच्या मुंबईकर मंडळांच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनांच्या, सभा सुरू होतात. देवळाचा सभामंडप, वेशीवरची कमान, स्मशानभूमीची शेड आणि वर्गणीची थकबाकी हे या सभांचे ठरलेले विषय आहेत आणि त्यांवर होणारी भांडणेही ठरलेलीच आहेत. यंदा निदान काही मंडळांनी आणखी एक विषय सभेच्या पत्रिकेवर घ्यावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. गावात राहणाऱ्या ग्रामस्थांनी स्वतः, पाळीपाळीने आणि विनावेतन चालवायचे किराणा दुकान, असा तो विषय आहे. असे दुकान चालू शकते, असे माझे मत आहे. मात्र मुंबईकरांनी भांडवल आणि हिशेब या दोन गोष्टींपलीकडे त्याच्या निर्णयांत हात घातला, तर ते वर्षभरही टिकणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील रस्त्यापासून आत असलेल्या अनेक लहान गावांची आजची अवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. घरे नवी आहेत, चिऱ्याची आहेत, त्यांना ग्रिल आहे, पण त्यांतली निम्मी गणपती आणि शिमगा सोडून बंद असतात. उरलेल्या घरांत बहुतांशी साठीच्या पुढची माणसे राहतात. गावातला एकुलता एक दुकानदारही त्याच वयाचा असतो, त्याची मुले मुंबई-पुण्यात असतात आणि एका पावसाळ्यानंतर तो दुकानाच्या फळ्या पुन्हा लावत नाही. त्यानंतर पावशेर चहापूड, अंगाचा साबण आणि टॉर्चचे सेल एवढ्या खरेदीसाठी सत्तरीच्या बाईने फाट्यावर जायचे, तेही प्रवासी भरून नेणारी वडाप जीप मिळाली तर. पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून तिकीट अर्धे आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सवलत वापरायला आधी गाडी यावी लागते, आणि सकाळी गेलेली गाडी संध्याकाळीच परत येणार असेल तर साखरेच्या एका किलोसाठी आख्खा दिवस जातो.

गावातले दुकान का बंद पडते, याचे उत्तर भावनेत नसून साध्या हिशेबात आहे. समजा, गावात बारमाही उघडी अशी साठ घरे आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला सरासरी दीड हजार रुपयांचा माल गावातच घेते. म्हणजे महिन्याची विक्री नव्वद हजार झाली. पाकीटबंद मालावर छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही आणि दुकानदाराच्या हाती शंभरामागे साधारण आठ-दहा रुपये सुटतात. म्हणजे सात ते नऊ हजार रुपये. त्यातून तालुक्याहून माल आणणाऱ्या टेम्पोचे भाडे, विजेचे बिल, उंदीर-ओल यांनी खाल्लेला माल आणि मुदत संपून फेकावी लागणारी पाकिटे वजा केली, तर जे उरते त्यावर एका माणसाचा संसार चालत नाही. म्हणून खाजगी दुकान बंद होते आणि दुसरे कोणी ते उघडत नाही. पण हाच हिशेब उलट्या बाजूने वाचला तर असेही दिसते की, ज्या दुकानाला कोणाचाही पगार काढायचा नाही आणि जागेचे भाडे द्यायचे नाही, ते दुकान तोट्यात जात नाही. महिन्याकाठी थोडे शिल्लकही टाकते. विनावेतन कामाचा आग्रह मी धरतो तो सेवाभावाच्या भाषणासाठी नव्हे, तर या आकडेमोडीत दुसरी जागाच नाही म्हणून.

हा विचार काही नवा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात २८ कामगारांनी, ज्यांत विणकर बरेच होते, पै-पै साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी एका गोदामाच्या तळमजल्यावर दुकान उघडले, तेव्हा त्यांच्याकडे विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या याखेरीज फारसे काही नव्हते. सुरुवातीला ते आठवड्यातल्या काही संध्याकाळीच उघडे असे आणि सभासदच गल्ल्यावर उभे राहत. चोख वजन, भेसळ नसलेला माल, एका सभासदाला एकच मत आणि व्यवहार रोखीचा, हे त्यांचे नियम पुढे जगभरच्या ग्राहक सहकाराने स्वीकारले. आजही त्याच देशात, गावातले शेवटचे दुकान बंद होऊ लागले की गावकरी भाग (शेअर) विकत घेऊन ते स्वतः चालवायला घेतात. अशी तीनशेहून अधिक दुकाने तेथे आहेत, त्यांतली काही चर्चच्या इमारतीत तर काही गुत्त्याच्या एका कोपऱ्यात थाटलेली आहेत, आणि अनेक ठिकाणी एक पगारी व्यवस्थापक व बाकी सारे स्वयंसेवक अशी रचना असते. आपल्याला पगारी व्यवस्थापक परवडणार नाही, कारण त्यांच्या गावातील ग्राहकाची खरेदी आणि आपल्या गावातील ग्राहकाची खरेदी यांत फार अंतर आहे.

मुंबईकराने तर यासाठी इंग्लंडकडेही पाहण्याची गरज नाही. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेले अपना बाजार आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी वापरले आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकान न काढताच महिन्याचा माल घरोघर पोहोचवते आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, मागणीपत्रके भरायची, माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि तेथेच त्याचे वाटप करायचे, ही ती पद्धत. आमच्या चाळीच्या गॅलरीत असे वाटप मी पाहिले आहे आणि केलेही आहे. एकाने मागणीपत्रक वाचायचे, दुसऱ्याने त्या त्या घराचा ढीग लावायचा, तिसऱ्याने पुन्हा मोजून खूण करायची. शेवटी गुळाची एक ढेप जास्त उरली, तर ती सापडेपर्यंत, म्हणजे ती कोणाच्या ढिगात पडायची राहिली हे कळेपर्यंत कोणी उठायचे नाही. ज्यांनी नोकरी सांभाळून हे केले, त्यांना गावचे दुकान चालवण्याची कल्पना अचाट वाटू नये. फरक इतकाच की, येथे महिन्यातून एकदा करायचे काम गावात रोज करायचे आहे, आणि सगळी अडचण त्या ‘रोज’मध्ये आहे.

पहिला प्रश्न जागेचा. मंडळात पैसा जमला की कोणीतरी उदारपणे आपली पडवी देऊ करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. ती पडवी घेऊ नये. आपले गाव वाड्यांचे असते आणि वाड्या भावकीच्या व जातीच्या असतात. गावकरवाडीतल्या कोणाच्या पडवीत दुकान निघाले, तर बौद्धवाडीतली किंवा कुंभारवाडीतली बाई तेथे मोकळेपणाने जाऊन हवी ती वस्तू हातात घेऊन पाहील का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे. देवळाचा सभामंडपही याच कारणासाठी नको. ग्रामपंचायतीचा पडून असलेला गाळा असेल तर तो उत्तम. नसेल तर शाळेच्या, अंगणवाडीच्या किंवा एसटीच्या थांब्याजवळची, सर्वांच्या रोजच्या वाटेवरची सार्वजनिक जागा ग्रामसभेच्या ठरावाने मिळवावी. कमान बांधायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात पत्र्याची पक्की खोली, लोखंडी मांडण्या आणि एक फ्रीज होतो. हे वाक्य काही मंडळांना लागेल, पण कमानीखालून जाणाऱ्याला काडेपेटी मिळत नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. निवृत्त शिक्षक, गिरणीतून किंवा बेस्टमधून निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेले लोक आणि महिला बचत गटांतील सभासद हे या कामाचे खरे मनुष्यबळ. विशेषतः बचत गटांतील स्त्रिया. कारण महिन्याच्या महिन्याला पैसे गोळा करणे, नोंद ठेवणे आणि थकलेल्या हप्त्याची आठवण न भांडता करून देणे, या तिन्ही गोष्टी त्या वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. दुकान दिवसभर उघडे ठेवण्याच्या भरीस पडू नये. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पुरेसे आहेत. पाळी दोघांची असावी, एकाने तोलायचे व द्यायचे, दुसऱ्याने लिहायचे व पैसे घ्यायचे; आणि ही दोघे शक्यतो एका घरातली, एका भावकीतली नसावीत. यात अविश्वास नाही. उद्या गल्ल्यात पन्नास रुपये कमी आले, तर एकट्या माणसावर बोट उठते आणि तो माणूस पुन्हा पाळीला येत नाही; दोघे असतील तर चूक ही चूकच राहते. पाळी संपताना रोख मोजून रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, दोघांनी सह्या कराव्यात आणि चावी पुढच्या पाळीच्या घरी पोहोचवावी. चावी कायमची एकाच घरी राहिली की वर्षभरात ते दुकान त्या घराचे होते, हा आपल्या बहुतेक सार्वजनिक कामांचा अनुभव आहे.

पाळ्यांचे वेळापत्रक करताना शेतीचे वेळापत्रक समोर ठेवावे लागेल. भाताच्या लावणीत आणि कापणीत कोणालाही दुकानात बसायला सांगू नये. त्या काळात दुकान फक्त दिवेलागणीला उघडावे, आणि हे आधीच पाटीवर लिहून टाकावे. उलट गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईकर गावी असतात व विक्री कितीतरी वाढते, तेव्हा पाळ्या मुंबईकरांनी घ्याव्यात. सुटीवर आलेल्या महाविद्यालयीन मुलांना आठ दिवस गल्ल्यावर बसवले, तर गावात कोण कसे राहते हे त्यांना कळेल, जे आरतीच्या वेळी कळत नाही.

आता उधारीविषयी, कारण माझ्या मते सगळे दुकान या एका मुद्द्यावर तरते किंवा बुडते. गावातला जुना दुकानदार उधारी देत असे आणि तरीही टिकून होता, कारण त्या उधारीला मुंबईचे तारण होते. घरातला कर्ता गिरणीत असे, महिन्याला मनीऑर्डर येई, आणि पोस्टमन पैसे देऊन गेला की त्याच दिवशी दुकानाचे खाते कोरे होई. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ही साखळी तुटली. पुढे मुले इतर कामधंद्यांत लागली, काहींची परिस्थिती पूर्वीपेक्षा चांगली झाली, पण दरमहा ठरल्या तारखेला येणारी रक्कम अनेक घरांतून नाहीशी झाली. दुकानदाराची वही मात्र तशीच चालू राहिली. अशी एक वही मी पाहिली आहे: लाल कापडी बांधणीची, लांबट, पानाच्या वरच्या बाजूला नावाऐवजी ‘वरच्या वाडीतली काकी’ किंवा ‘शाळेमागचे घर’ असे लिहिलेली. कित्येक पानांवर शेवटची नोंद चहा-साखरेची होती आणि तिच्याखाली जमेची ओळच नव्हती, कारण खातेदार वारला होता आणि मुलांना त्या पानाची कल्पना नव्हती. दुकानदाराने ती मागितलीही नव्हती. मयताच्या घरी जाऊन साठ-सत्तर रुपये मागणार कसे?

स्वयंसेवकांच्या दुकानात तर ही अडचण दुप्पट होते. स्वतःचे दुकान असेल तर माणूस एखाद्याला नाही म्हणू शकतो. पाळीला बसलेली बाई आपल्याच जावेला नाही कशी म्हणेल? आणि तिने हो म्हटले की पुढच्या पाळीच्या माणसालाही म्हणावे लागते. म्हणून ‘उधारी बंद’ अशी नुसती पाटी लावून भागणार नाही. त्याऐवजी वही उलटी करावी. प्रत्येक घराचे एक जमाखाते असावे आणि मुंबईतल्या मुलाने किंवा मुलीने महिन्याच्या सुरुवातीला यूपीआयने दुकानाच्या बँक खात्यात हजार-दीड हजार रुपये टाकावेत. गावातल्या आईने त्या रकमेपोटी माल न्यावा. प्रत्येक खरेदीनंतर तिच्या छोट्या पुस्तकात शिल्लक लिहून द्यावी. तिला पैसे काढायला तालुक्याच्या बँकेत जावे लागत नाही, पाळीवरच्या बाईला नाही म्हणावे लागत नाही, आणि दुकानाला खेळते भांडवल बिनव्याजी मिळते. जुन्या मनीऑर्डरीचे काम हेच होते. येथे ती उधारीच्या आधी येते एवढेच. मात्र ही ठेव नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लेखी असावे. ती मालापोटी दिलेली आगाऊ रक्कम आहे, तिच्यावर व्याज नाही आणि ती दोन महिन्यांच्या खरेदीपेक्षा जास्त स्वीकारायची नाही. दुकानाची पतपेढी होऊ लागली की गोष्टी भलत्याच दिशेने जातात, आणि पतपेढ्यांचे पुढे काय होते हे या शहरातल्या वाचकांना सांगायला नको.

ज्यांना मुंबईत कोणी नाही, किंवा असूनही नसल्यासारखे आहे, त्यांचे काय, हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. अशी घरे प्रत्येक गावात असतात आणि ती कोणती हे गावाला माहीत असते. त्यांच्यासाठी मंडळाने वर्गणीतून एक वेगळे जमाखाते भरावे आणि त्यांनाही इतरांसारखेच पुस्तक द्यावे, म्हणजे गल्ल्यासमोर उभे असताना कोणाचे पैसे कुठून आले हे कोणालाही दिसणार नाही.

माल काय ठेवावा, याबद्दल मुंबईत बसून याद्या करू नयेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, त्यामुळे साधा तांदूळ आणि गहू यांची विक्री किरकोळच होणार. विकले जाईल ते तेल, डाळ, साखर, चहा, साबण, कांदे-बटाटे, मच्छर अगरबत्ती, मोबाइलचे रिचार्ज आणि बिस्किटे. वाशीच्या घाऊक बाजारातून टेम्पो भरून माल पाठवण्याचा उत्साह दर सभेत कोणीतरी दाखवतोच. तो मोडून काढावा. तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून दर पंधरवड्याला थोडा थोडा माल आणला, तर तो न खपलेली पाकिटे मुदतीआधी बदलून देतो. वाशीचा व्यापारी देणार नाही. अपवाद फक्त आगोटीचा. मे महिन्याच्या अखेरीस मीठ, मिरची, कांदे, डाळी, सुकी मासळी यांची पावसाळ्याची बेगमी गाव एकदम करते, तेव्हा घरोघरची मागणी आधी लिहून घेऊन एकत्र खरेदी केली तर भावात चांगला फरक पडतो. एरवी पावसाळ्यात साठा कमीच ठेवावा. कोकणच्या दमटपणात मिठाला पाणी सुटते, बिस्किटे मऊ पडतात, रव्यात पोरकिडे होतात, आणि वीज दोन दिवस गेली तर फ्रीजमधले दूध-दही टाकून द्यावे लागते. तंबाखू आणि विड्या ठेवाव्यात का, यावर वाद होणार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदीच आहे; बाकीचा निर्णय पाळीवर बसणाऱ्या स्त्रियांवर सोपवावा. तो काय असेल याचा मला अंदाज आहे. औषधांच्या फंदात पडू नये, तो परवान्याचा विषय आहे.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी अवघड नाही, पण ती टाळताही येत नाही. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहानात लहान दुकानालाही अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व शिक्का करून घ्यावा लागतो; हे गावातली अनेक दुकाने करत नाहीत, म्हणूनच आपण करावे. केवळ वस्तूंची विक्री असेल तर वार्षिक उलाढाल चाळीस लाखांवर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि वर मांडलेल्या हिशेबाने वर्षाची उलाढाल अकरा लाखांच्या आतबाहेर राहते. राहिला प्रश्न दुकान कोणाच्या नावावर काढायचे हा. मंडळाच्या नावावर ते मुळीच काढू नये. मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यांच्या घटनेत व्यापार हे उद्दिष्ट नसते आणि त्यांचे कार्यालय गावापासून शेकडो किलोमीटरवर असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवण्यासाठी अर्ज करू शकतात. गावात विविध कार्यकारी सेवा सोसायटी, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी संस्था, जिवंत असेल तर तिचाही विचार व्हावा, कारण केंद्रीय सहकार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये अशा संस्थांसाठी प्रसृत केलेल्या आदर्श उपविधींमध्ये (संस्थेच्या नियमांच्या नमुन्यामध्ये) पंचवीसहून अधिक प्रकारचे व्यवसाय करण्याची मुभा आहे. पण सोसायटीवर दोन गटांचे राजकारण चालू असेल, तर तिच्या वाटेला न गेलेले बरे. पहिले वर्षभर एखाद्या चांगल्या बचत गटाच्या नावावर काम सुरू करून, गर्दी आणि गैरसमज दोन्ही ओसरल्यावर संस्थेची नोंदणी करणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

सहकारात प्रत्येक सभासदाला एकच मत, हे तत्त्व सर्वांना पाठ असते. पण गावात साठ घरे आणि मुंबईत दोनशे, अशी स्थिती असताना त्याच तत्त्वाने काय होईल हे लक्षात घेतले जात नाही. मुंबईकरांनी भाग विकत घेऊन मतदार सभासद व्हायचे ठरवले, तर दुकान कधी उघडायचे, कोणाला पाळी द्यायची आणि साबण कोणता ठेवायचा हे परळच्या सभेत हात वर करून ठरेल. पैसा आपण दिला म्हणून निर्णयही आपलाच, ही भावना आपल्या मंडळांत फार खोल रुजलेली आहे, आणि गावात राहणाऱ्यांना तिचा मनस्वी कंटाळा आलेला आहे. ते तोंडावर बोलत नाहीत, कारण म्हातारपणी मुंबईच्या घरी जाऊन राहण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मुंबईकरांनी एक तर बिनव्याजी कर्ज द्यावे आणि ते पाच-सात वर्षांत परत घ्यावे, किंवा मताधिकार नसलेले नाममात्र सभासद व्हावे. व्यवस्थापन समितीत बसणारी प्रत्येक व्यक्ती गावात बारमाही राहणारी असावी आणि तीत प्रत्येक वाडीची माणसे आणि किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात. मुंबईकरांच्या वाट्याला एक महत्त्वाचे काम उरते, ते म्हणजे हिशेब. बँकेतून, कार्यालयांतून, लेखा विभागांतून निवृत्त झालेले लोक प्रत्येक मंडळात आहेत. गावाने आठवड्याला रोजमेळाच्या पानांचे फोटो पाठवावेत, येथील दोघांनी खतावणी करावी, म्हणजे त्या नोंदी खातेवार उतरवाव्यात, साठ्याशी ताळा जुळवावा आणि महिन्याचा जमाखर्च एका पानावर उतरवून परत पाठवावा. तो दुकानाच्या दारावर चिकटवला जावा. याशिवाय गावच्या आमसुलांना, कुळथाच्या पिठाला, काजूगरांना आणि लाल तांदळाला मंडळाच्या घरांमध्ये गिऱ्हाईक मिळवून देता आले, तर तो टेम्पो तालुक्याला जाताना रिकामा जाणार नाही.

गावात एखादे खाजगी दुकान अजून कसेबसे चालू असेल, तर त्याच्या शेजारी वर्गणीच्या जोरावर दुसरे उघडू नये. त्या माणसाने बिनपगारी स्पर्धकाशी झुंजायचे तरी कसे? त्याच्याकडे जाऊन विचारावे, तो किती वर्षे चालवणार आहे, त्याला कशाची अडचण आहे आणि थांबायचे असेल तेव्हा त्याचा फळी-फर्निचर, काटा आणि साठा योग्य किमतीला विकत घेता येईल का. तो तयार झाला तर पहिल्या सहा महिन्यांसाठी त्यालाच मानधन देऊन सोबत बसवावे. कोणत्या घरात कोणते तेल लागते, कोणाला सुटे पैसे मोजायला जड जाते, कोणता घाऊक व्यापारी पोत्यात वजन मारतो, ही माहिती त्याच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

सहकार खात्याकडे एक अपेक्षा आहे. पन्नास-साठ घरांच्या गावातील ग्राहक संस्थेसाठी सोप्या मराठीतील चार-पाच पानांचे उपविधी आणि रोजमेळ, साठा नोंदवही व जमाखात्याचे नमुने जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात तयार मिळावेत, म्हणजे प्रत्येक गावाला त्यासाठी सल्लागार शोधत फिरावे लागणार नाही.

मंडळांच्या सभा या महिन्यात होतील आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभेचा दिवस असतो. तेथे मुंबईहून माणसे भरून न्यायची गरज नाही. गावातल्याच दोघा-तिघींनी जागेचा ठराव मांडावा आणि मंडळाने आपल्या बाजूने किती रक्कम, कोणत्या अटीवर देणार एवढेच लेखी कळवावे. कापणी आणि दिवाळी उरकल्यावर मांडण्या, काटा व फ्रीज यांची खरेदी करून जानेवारीत दुकान उघडता येईल. म्हणजे पाळ्यांची घडी बसायला चार महिने मिळतील आणि येत्या मे महिन्यातली आगोटीची मागणी घरोघर जाऊन लिहून घेण्याइतकी माणसे तोवर तयार झालेली असतील.

आपला नम्र,
एका मुंबईकर ग्रामस्थ मंडळाचा जुना सभासद,
परळ, मुंबई